माल आधी उतरवून घ्या

(आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एका रविवारी बोललो त्याचा मजकूर. छापताना दोन-तीन शिव्या गाळल्यात. बाकी बोललो तसंच.)



एरवी मला बोलावतात ते कविता वाचायला. तेव्हा माईक देतात, पाण्याचा ग्लास देतात. आज स्क्रू-ड्रायव्हर दिलाय. बरं केलंत. कवितेला टाळ्या पडतात नि माणसं घरी जातात. आज कुणी घरी जायचं नाही, मशीन चालू झाल्याशिवाय.

ही पाच डबडी बघा. एका हापिसानं दिली. देताना बॅनर लावला, हार आणला — हार त्यांच्याच साहेबाच्या गळ्यात — फोटो काढले नि गाडीत बसून गेले. मग आपण बटणं दाबली. दोघांच्या पोटात हार्डडिस्कच नाही. काढून घेतलीय. तिघांवर विंडोज १०. आता ह्या विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. विंडोज ११ घाला म्हणतात, तर त्याला टीपीएम २.० पाहिजे, आणि ह्या मशिनींचा प्रोसेसर त्यांच्या यादीत बसत नाही. मशीन धडधाकट, पण कागदावर मेलेलं. गोदीत पन्नाशीच्या हमालाला असंच कागदावर मारतात. पोतं उचलतोय तोपर्यंत तो जिवंत आहे हे कुणी बघत नाही.

म्हणून आपण लिनक्स मारायचं ठरवलं. आणि तिथंच पहिली बोंब. अभ्यासिकेत नेट नाही. केबलवाला गल्लीच्या तोंडापर्यंत येतो, आत यायला त्याची वायर पुरत नाही. फोनला रेंज खिडकीत उभं राहिलं तर, तीसुद्धा पावसात जाते. आणि जो तो सांगणारा सुरुवातच करतो — "आधी नेट जोडून घ्या." च्यायला, जोडलेलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?

थोडं मागचं सांगतो. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं कर्नल लिहिला, म्हणजे मशीन हाकणारा गाभा. त्याच्या आधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमननं ग्नू नावाचं काम जाहीर केलं होतं. त्यातून पुढे जीपीएल नावाचा परवाना आला. त्या परवान्यात लिहिलंय की हा माल वापरा, आत उघडून बघा, बदला, आणि प्रत काढून शेजाऱ्याला द्या. प्रत काढणं ही इथं चोरी नाही, हक्क आहे. हे डोक्यात पक्कं बसवा. कारण आपल्यातले निम्मे लोक फुटपाथवरून घेतलेली चोरीची विंडोज वापरतात नि मनात धाकधूक ठेवतात. इथं धाकधूक नाही. एका पोरानं आणलं तर साऱ्या चाळीला वाटता येतं.

आणि गंमत ऐका. लिनक्स आपल्याकडं आलं तेच मुळी हातोहात. सुरुवातीला फ्लॉपीच्या चळती. मग मासिकाबरोबर सीडी — 'लिनक्स फॉर यू' नावाचं इंग्रजी मासिक आपल्या देशात २००३ साली निघालं, त्याच्याबरोबर तबकडी यायची. उबुंटूवाले तर पत्ता कळवला की फुकट सीडी पोस्टानं पाठवायचे, ते २०११ साली बंद केलं. म्हणजे नेट नसलेल्याला धरूनच ही गाडी चालली होती. पुढं ज्यांच्या घरी नेट आलं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं की सगळ्यांच्या घरी आलं. वाट बुजली नाही, वाट दाखवणारे उठून गेले.

आता माझी फजिती सांगतो, तीतून निम्मं शिकून होईल.

आपण घेतलं डेबियन. १९९३ साली इयान मरडॉकनं सुरू केलेलं, कुठल्या कंपनीच्या मालकीचं नाही, जगभरचे लोक मिळून चालवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची १३ वी आवृत्ती आली, नाव ट्रिक्सी. मी एका दोस्ताच्या हापिसातनं ते उतरवलं. पानावर पहिलंच मोठं बटण दिसलं, दाबलं. सातेकशे एमबी. म्हटलं वा, किती हलकं! पेनड्राइव्हवर मारलं, इथं आणलं, पोरं गोळा झाली. अर्ध्या तासानं मशीन उठलं — काळा पडदा, पांढरी अक्षरं, नाव विचारतंय. नाव दिलं, पासवर्ड दिला. पुन्हा काळा पडदा. खिडक्या नाहीत, उंदीर हलत नाही, काही नाही. पोरं हसली. एक जण म्हणाला, "भाऊ, तुमच्या कवितेसारखंय, काळं नि कळत नाही."

झालं होतं असं. मी आणलं ते 'नेटइन्स्ट'. त्यात फक्त सांगाडा असतो. मांस-कातडं — डेस्कटॉप, ब्राउझर, लिहायचा प्रोग्रॅम — सगळं तो बसताना नेटवरून ओढतो. नेट नसलं तर सांगाडा उभा करून गप बसतो. चूक त्याची नाही. बोट किनाऱ्याला लागली नि माल मागनं होडीनं येणार होता, होडी आलीच नाही.

तर पहिली गोष्ट: नेटइन्स्ट घ्यायचं नाही. डीव्हीडी-१ नावाची इमेज घ्यायची. पावणेचार जीबीच्या आसपास असते. तबकडीवर जाळायची गरज नाही, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. तिच्यात पूर्ण डेस्कटॉप, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स सगळं आत भरलेलं. लिनक्स मिंटसुद्धा चालतं, ते साधारण तीन जीबीचं येतं नि नेट नसताना मुकाट बसतं. नवख्याला मिंट सोपं, हे मी मान्य करतो. पण मला डेबियनच का आवडतं ते पुढं येईल. उबुंटूची २४.०४ पाच जीबीच्या वर गेलीय, आणि एफएटी-३२ केलेल्या पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही. नुसती कॉपी करून न्यायला गेलात तर मधेच नाही म्हणेल नि तुम्ही पेनड्राइव्हला शिव्या द्याल.

आता पावणेचार जीबी आणायचे कुठनं? रोजचा दीड जीबीचा पॅक. म्हणजे अडीच दिवस. साध्या ब्राउझरनं उतरवाल तर नव्वद टक्क्यांवर तुटेल नि बऱ्याचदा पहिल्यापासून सुरू. आमच्या एका पोराचं तसंच झालं, दोनदा. दोन दिवसांचा डेटा समुद्रात. त्यापेक्षा टोरंट घ्या, डेबियनवाले स्वतःच देतात. टोरंट फाइलचे बारीक तुकडे करतं, प्रत्येक तुकडा आला की तपासतं, खराब असेल तर तेवढाच परत मागवतं. आज रात्री चाळीस टक्के, उद्या रात्री पुढचं. लाइट गेली, रेंज गेली, आलेलं जात नाही. फोनवरसुद्धा चालतं. मी पहिली धड इमेज अशीच आणली, खिडकीच्या गजाला फोन बांधून, तीन रात्री.

माल आला. आता टॅली.

बंदरात कंटेनर येतो तेव्हा त्याला सील असतं, सीलवर नंबर. टॅली क्लार्क आधी कागदावरचा नंबर बघतो, मग सीलचा. जुळला नाही तर कंटेनर बाजूला. आत काय आहे ते नंतर. तसंच इथं. इमेजच्या शेजारी 'एसएचए २५६ सम्स' नावाची चिमुकली फाइल असते. त्यात प्रत्येक इमेजपुढं ६४ अक्षरांची रांग. आपल्याकडं आलेल्या फाइलवर तोच हिशेब चालवायचा — लिनक्सवर 'एसएचए २५६ सम', विंडोजवर 'सर्टयुटिल' — आणि रांग ताडून बघायची. एक बाइट इकडची तिकडं झाली तरी सगळी रांग बदलते.

पण इथं एक मेख आहे. इमेज नि तिचा आकडा दोन्ही एकाच माणसाच्या एकाच पेनड्राइव्हवरून आले, तर तुम्ही काय तपासलं? घोटाळा करणाऱ्यानं दोन्ही बदलले असतील. माल एका वाटेनं, कागद दुसऱ्या वाटेनं. आकडा म्हणजे चार ओळी. रडक्या रेंजमध्येसुद्धा फोनवर डेबियनचं पान उघडून बघता येतो. एवढ्यापुरतं खिडकीत उभं राहा.

पुढचं काम, पेनड्राइव्हवर मारणं. फाइल कॉपी-पेस्ट करून मशीन उठत नाही, इमेज जशीच्या तशी उतरवावी लागते. विंडोजवर रुफस आहे. घरात एकही चालू कॉम्प्युटर नसेल तर अँड्रॉइड फोनवर एचड्रॉइड नावाचं ॲप आहे, ओटीजीची पिन लावायची नि फोनवरनंच पेनड्राइव्हवर लिहायचं. हे मला कळलं तेव्हा मी नाचलो होतो. आणि लिनक्सवर आहे डीडी. दोन अक्षरांचा खाटीक. विचारत नाही, सांगत नाही, ज्या डिस्कचं नाव द्याल ती कापतो.

ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. एसडीसी लिहायचं तिथं मी एसडीबी लिहिलं. एसडीबी म्हणजे अभ्यासिकेची बाहेरची डिस्क. त्यावर आपल्या एका बहिणीनं तीन महिने खपून स्कॅन केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका होत्या. डीडी चार जीबीच लिहून गेला, पण डिस्कची अनुक्रमणिकाच त्यात मेली. ती बहीण समोर बसलीय. पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि बरोबर होतं तिचं. फोटोरेक नावाच्या प्रोग्रॅमनं बऱ्याच फाइली परत काढल्या. पण नावं गेली. कुठला पेपर, कुठलं वर्ष, काही नाही, नुसते नंबर. दोन रविवार आम्ही दोघं एकेक उघडून नाव देत बसलो. तेव्हापासून माझा नियम: मारायच्या आधी बाकी सगळ्या डिस्का उपटायच्या. मग यादी काढायची नि आकारावरून ओळखायचं. आणि दुसऱ्या माणसानं मोठ्यानं वाचून दाखवायचं. गोदीत क्रेन उचलण्याआधी खालचा माणूस हात करतो, तसं.

मशीन उठवताना एफ १२, एफ ९, एस्केप — कंपनीगणिक बटण वेगळं, दाबत राहा, सापडतं. पडद्यावर ग्राफिकल इन्स्टॉल निवडा. कारण भाषांच्या यादीत मराठी आहे, आणि देवनागरी धड दिसते ती ग्राफिकलमध्येच. पुढं नेटवर्क शोधेल, मिळालं नाही म्हणून लाल होईल. घाबरायचं नाही. 'आत्ता नेटवर्क लावू नका' असा पर्याय खाली असतो, तो घ्या. आणखी तबकडी आहे का विचारेल, नाही. नेटवरचा मिरर वापरू का विचारेल, नाही. ह्या दोन-तीन 'नाही'त सगळं आहे. लोक इथं 'हो' म्हणतात नि तासभर गोल फिरणारा काटा बघतात. रूटचा पासवर्ड रिकामा सोडलात तर पहिल्या वापरणाऱ्याला सुडोचा अधिकार मिळतो, अभ्यासिकेला तेच सोयीचं. डेस्कटॉप एक्सएफसीई घ्या, ह्या मशिनींत चार जीबी रॅम आहे, जड काही चढवू नका. डिस्कचे भाग पाडताना मात्र चहा प्यायला जाऊ नका. पूर्ण डिस्क वापरा म्हटलं की जुनं सगळं जातं.

एक बारीक खोड. जुन्या मशीनमधली घड्याळाची बॅटरी मेलेली असते, ती नाण्याएवढी, सीआर २०३२. मशीनला वाटतं आपण दहा वर्षं मागं आहोत. नेट असतं तर वेळ नेटवरून सुधारली असती. इथं हातानं तारीख लावा, नाहीतर नंतर पॅकेज घेताना 'ही यादी अजून लागू झाली नाही' असं उलट उत्तर येतं नि कारण काही केल्या कळत नाही. माझे दोन दिवस गेले ह्यात. बॅटरी स्वस्त आहे, बदला.

वायफायचं दुखणं आता कमी झालंय. पूर्वी डेबियन तत्त्वाला धरून बंदिस्त फर्मवेअर आत ठेवत नसे. मग वायफायचं फर्मवेअर आणायला नेट, नि नेटला वायफाय. २०२२ मध्ये त्यांनी आपसात मतदान घेतलं आणि १२ व्या आवृत्तीपासून ते फर्मवेअर इमेजमध्येच येतं. तत्त्व सोडलं म्हणून काही लोक चिडले. मी चिडलो नाही. तत्त्वाला वायर नसते. तरी ब्रॉडकॉमची काही जुनी कार्डं अजून छळतात, त्यांचं फर्मवेअर बसवणारं पॅकेज स्वतःच नेटवर जायला बघतं. तिथं फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग करा, बहुतेक वेळा लगेच ओळखतं. आणि मशीन ३२ बिटचं असलं तर १३ चा इन्स्टॉलर त्याच्यासाठी नाही. त्याला १२ घाला.

बसलं. आता डेबियन का, ते सांगतो.

उद्या तुम्हाला एखादा प्रोग्रॅम हवा झाला. मशीन म्हणेल तबकडी घाल. तबकडी कुठाय? म्हणून ती पावणेचार जीबीची इमेज पुसायची नाही. एका मशीनच्या डिस्कवर ठेवायची, फोल्डरसारखी माउंट करायची, नि सोर्सेस डॉट लिस्ट नावाच्या फाइलीत लिहायचं की दुकान नेटवर नाही, ह्या फोल्डरात आहे. तिथं 'ट्रस्टेड' लिहावं लागतं, कारण डीव्हीडीच्या यादीवर सही नसते. आपण सील आधी जुळवलंय म्हणून लिहायची छाती होते.

बाकीच्या मशिनींचं काय? इथं बहुतेक लोक चुकतात. इंटरनेट नाही म्हणजे नेटवर्क नाही, असं कुणी सांगितलं? पाच भोकांचा स्विच आणि चार-पाच केबली, बास. प्रत्येक मशीनला हातानं नंबर द्या. पहिल्या मशीनवर पायथनची एक ओळ चालवली की ते फोल्डर बाकीच्यांना दिसतं. लिनक्सच्या मशिनी त्याच्याकडनं माल उचलतात. बाहेरच्या जगाची एक वायर न येता ह्या खोलीत आपली आपली गोदी चालू.

जे डीव्हीडी-१ वर नाही त्यासाठी एपीटी-ऑफलाइन आहे, आपल्याच देशातल्या रितेश राज सर्राफनं केलेलं. ते पॅकेज आधी एकदा आणून बसवून ठेवा. मग नेट नसलेल्या मशीनवर ते मागणीची चिठ्ठी काढतं. चिठ्ठी पेनड्राइव्हवर घालून नेट असलेल्या ठिकाणी जायचं, तिथं ते सगळा माल एका गठ्ठ्यात बांधतं, गठ्ठा आणून इथं सोडायचा. कशाला काय लागतं हे चिठ्ठीतच असतं, म्हणून एक आणलं नि तीन विसरले असं होत नाही.

नेट नाही म्हणून सुरक्षेकडं काणाडोळा करू नका. व्हायरसवाले पेनड्राइव्ह इथं रोज येतात. दर काही महिन्यांनी डेबियन दुरुस्त्या भरलेली नवी इमेज काढतं, १३.१, १३.२ असं. दोन-तीन महिन्यांनी एकानं ती आणायची, सील बघायचं, जुनीच्या जागी ठेवायची, लिनक्सच्या सगळ्या मशिनी अपग्रेड. वहीत पाळी लावलीय, दाराच्या मागं टांगलीय. माझं नाव पहिलं आहे.

मराठी टाइप करायला वेगळं काही आणावं लागत नाही. कीबोर्डच्या यादीत मराठी असतंच. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर फॉन्टची फाइल आणून घरच्या फॉन्टच्या फोल्डरात टाका. ह्या अंकाच्या चार कविता ह्याच मशीनवर लिहिल्यात, नेट बंद असताना. फोन वाजत नाही, व्हिडिओ नाही. जरा बरंच वाटतं.

मघाशी मागून एका पोरीनं विचारलं, "भाऊ, परीक्षेला विंडोज विचारतात, मग हे शिकून काय?" खरं आहे. नुसतं घोषणा देऊन उत्तर होत नाही. म्हणून पाचवं मशीन विंडोजवरच ठेवलंय, नेटला लावायचं नाही ह्या अटीवर. त्यावर परीक्षेचा सराव करा. पण बाकी चार उघडून बघायला आहेत. बिघडवा. इमेज आपल्याकडं आहे, अर्ध्या तासात परत उभं करू.

तर आता ज्या दोन डबड्यांना हार्डडिस्क नाही त्यांच्यासाठी वर्गणी झाली, लॅमिंग्टन रोडवरनं जुन्या दोन डिस्का आणल्यात, त्या ह्या. झाकण उघडायला कोण येतंय? ताई, तू ये. तू यादी मोठ्यानं वाच, मी मारतो. आणि ती बाहेरची डिस्क आधी उपटून कपाटात ठेवा रे कुणीतरी.